तेविसावा दगड आणि तीनशे पावलं

मी रस्ता बोलतोय. दचकू नका, गाडी बाजूला घ्यायचीही गरज नाही. तुम्ही चालत राहा, मी खालून बोलतो. तसा मी एक्केचाळीस किलोमीटर लांब आहे. सरकारदरबारी मला तीन आकडी नंबर आहे आणि ‘राज्य महामार्ग’ अशी भारदस्त पदवीही आहे. पण आज सांगायची आहे ती माझ्या अंगावरच्या फक्त तीनशे पावलांची गोष्ट.

माझा जन्म कुणी लिहून ठेवलेला नाही. आधी मी पायवाट होतो. शेळ्यांनी पाडली म्हणतात. शेळ्यांना विचारलं तर त्या माणसांचं नाव घेतील. मग बैलगाड्या आल्या, दोन चाकोऱ्या पडल्या आणि मधे गवताची शेंडी राहिली. एके वर्षी मोजणीदार साखळी घेऊन आले. त्यांनी मला बाजारपेठेच्या पाण्याच्या टाकीपासून रेल्वेच्या फाटकापर्यंत मोजलं. खडी अंथरली, वर मुरूम टाकला आणि रोलर असा काही फिरवला, की आठवडाभर माझं अंग ठणकत होतं. डांबर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं. त्या पहिल्या डांबराची ऐट काय सांगू! लोक वहाणा हातात घेऊन चालून बघायचे आणि पाय भाजले की मलाच नावं ठेवायचे.

टाकीपासून निघालो की आधी वीटभट्ट्या लागतात. मग नदीवरचा अरुंद पूल. तिथं दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही ड्रायव्हर आपणच आधी शिरलो म्हणतात आणि कुणीच मागे सरत नाही. पुढे चढ, चढ संपला की लांबलचक माळ. माळावर मी इतका सरळ आहे, की चालवणाऱ्याला डुलकी येते. बाविसावा किलोमीटरचा दगड गेला की डाव्या हाताला दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना. त्यापुढे मी एका टेकाडाला वळसा घालतो. वळणापलीकडे टोपल्या विणणाऱ्याचं घर आहे. तेविसावा दगड त्याच्या दारासमोर होता.

अठरा ते सव्वीस हा माझा तुकडा एका माणसाच्या ताब्यात होता. हुद्दा मैलकुली. मैल गेले, किलोमीटर आले, त्याचा हुद्दा तसाच राहिला. सगळे त्याला मैलदादा म्हणत. पहार, फावडं, घमेलं, लाल झेंडी आणि चुन्याचा डबा, एवढ्या सामानावर त्यानं मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. खड्डा दिसला की कमरेवर हात ठेवून म्हणायचा, “काय रे, परत उखडलास?” आणि लगेच बुजवायला बसायचा. माझ्याशी बोलणारा तो एकच. बाकीचे माझ्यावरून जाताना एकमेकांशी बोलतात, हल्ली तर फोनशी.

त्याची खोली एकोणिसाव्या दगडापाशी होती. लग्न होऊन त्याची बायको तिथं आली. मी तिला मनातल्या मनात वहिनी म्हणायचो.

वहिनीचे दिवस भरले तेव्हा उन्हाळा होता. एका दुपारी कळा सुरू झाल्या. दोघं बसमध्ये चढली. बस दवाखान्याच्या दारावरूनच जाणार होती, पण थांबायची मात्र दगडालाच. थांबे दगडांप्रमाणे ठरलेले होते आणि ड्रायव्हर नियमाचा पक्का.

दवाखाना दिसला तसे मैलदादानं हात जोडले. “इथंच उतरवा हो. तिला चालवत नाही.”

“थांबा पुढं आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “आज तुझ्यासाठी थांबलो, तर उद्या प्रत्येकाच्या दारात थांबावं लागेल.”

माणूस वाईट नव्हता तो. त्याला बस वेळेवर फाटकाला न्यायची होती.

तेविसाव्या दगडापाशी दोघं उतरली. टोपलीवाला हातातली बांबूची पाती टाकून धावत आला. म्हणाला, “थांबा, बाज काढतो. बाजेवरून नेऊ या.” वहिनी लाजली. परक्या माणसाच्या बाजेवर पडून भर रस्त्यानं जायचं तिच्या जिवावर आलं. “एवढंच तर अंतर आहे,” ती म्हणाली आणि उलट पावली निघाली.

तीनशे पावलं होती. मी मोजली. वाटेत ती तीनदा खाली बसली. मैलदादा तिला सावरत होता आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होता, जणू मी जरा आखडून घेईन. मला ते जमत नाही. अंग चोरता येत नाही की पुढे सरकता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या लांबीची लाज वाटली.

बाळ जन्मलं, पण रडलं नाही. दवाखान्यातली नर्सबाई म्हणाली, “थोडं आधी पोचला असतात तर...” आणि बाळाला कापडात गुंडाळू लागली.

महिनाभर मैलदादा माझ्याशी बोलला नाही. खड्डे बुजवायचा, गटारं काढायचा आणि निघून जायचा. मग त्यानं दवाखान्यासमोर थांबा मिळावा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, थांबे दगडांनुसार आहेत. दुसरा अर्ज केला. तेच उत्तर आलं, फक्त खालची सही वेगळी.

आणि एके दिवशी त्यानं तेविसावा दगड उकरला.

चोरीछुपे नव्हे, भर दुपारी. पहार मारणाऱ्या मैलकुलीला कोण विचारणार? पहारीनं दगड मोकळा केला, गोल ओंडक्यांवर आडवा घातला आणि लोटत लोटत वळणावरून दवाखान्याकडे नेला. एका सायकलवाल्यानं विचारलं, “काय चाललंय?” “दगड कलला होता,” तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत दगड दवाखान्यासमोर उभा होता, नव्या चुन्यात चकाचक, डोक्यावर हिरवा पट्टा. जुन्या जागचा खड्डा त्यानं मुरूम घालून, धुमसानं ठोकून असा बेमालूम बुजवला, की मलाही तिथं चाचपावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बस आली. ड्रायव्हरनं दगडाकडे पाहिलं, वळणाकडे पाहिलं, डोकं खाजवलं. कंडक्टर मागून म्हणाला, “दगड आहे तिथं थांबा. पुस्तकात तसंच आहे.” बस थांबली. नर्सबाई आवाज ऐकून बाहेर आली. तिनं बस पाहिली, दगड पाहिला आणि साबण आणून बाजूला उभ्या मैलदादाच्या हातावर ठेवला. “हात धू. चुना लागलाय,” म्हणाली. त्यापुढे या विषयावर ती कधी अवाक्षर बोलली नाही.

पुढच्या वर्षी वहिनी त्याच दाराशी बसमधून उतरली आणि तिला मुलगी झाली. असा टाहो फोडला पोरीनं, की वळणापर्यंत ऐकू आला. मी त्या दिवशी फार सुखात होतो.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला हाक मारली नसती. पण तो टोपलीवाला राहिला ना!

दगड हलला तेव्हा तो दोन दिवस बाजारात होता. परत आला तर दारासमोरचा दगड गायब. रोज ज्याला टेकून पाती सोलायची, तो दगडच नाही! शिवाय बस थांबायची ती वळणापलीकडे. आता टोपल्यांचं ओझं घेऊन तीनशे पावलं जायचं. दगडांची चौकशी मैलकुलीकडे, म्हणून तो सरळ मैलदादाकडे आला.

“दादा, माझ्या दारातला दगड कुठं गेला?”

मैलदादाच्या तोंडून निघून गेलं, “दगड होता तिथंच आहे.”

हे बोलताना तो माझ्यावरच उभा होता. अंगठ्यानं माझी खडी उकरत होता. कामावरून काढतील, दगड परत जाईल, बायका पुन्हा दारावरून पुढे जातील, या भीतीनं तो बोलला, हे मला ठाऊक आहे. तरी ते खोटं होतं आणि ते एका चांगल्या माणसाच्या तोंडावर मारलं होतं.

टोपलीवाला हट्टाचा पक्का. भेटेल त्याला सांगायचा, “दगड माझ्या दारात होता.” लोक दगडाकडे बघायचे, तो तर दवाखान्यासमोर ठाण मांडून बसलेला. दगड कधी चालतो का? हसू लागले. पोरं ओरडायची, “तेवीस, दगड सापडला का?” बघता बघता त्याचं नावच तेवीस पडलं. न्हाव्याच्या दुकानात त्याची नक्कल व्हायची. तो कामाचं बोलला तरी लोक डोळे मिचकावायचे. एकदा चोविसाव्या दगडापुढे माझ्याखालून पाणी जातं त्या मोरीला चीर गेल्याचं त्यानं सांगितलं, तर “तेविसाला आता मोऱ्या दिसायला लागल्या” म्हणून खसखस पिकली. मैलदादा एकटा मुकाट उठला, जाऊन बघून आला आणि लाल झेंडी लावली. चीर हातभर होती. तेविसाचं प्रत्येक म्हणणं खरं मानणारा तो एकच माणूस, पण ‘दगड मी हलवला’ एवढं मात्र तो सांगत नव्हता.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. मैलदादा निवृत्त झाला, वहिनी गेली, मुलगी सासरी गेली. माझे खड्डे आता गाडीतून माणसं येऊन बुजवतात, घाईघाईत, एकमेकांवर खेकसत. “काय रे, परत उखडलास?” असं कुणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात मला रुंद करायचं ठरलं. तीन पायांचं यंत्र घेऊन एक तरुण इंजिनीअर बाई आल्या. सकाळी सकाळी त्यांचं गणित अडलं. बावीस ते तेवीस अंतर कमी भरत होतं आणि तेवीस ते चोवीस जास्त. त्यांनी जुना नकाशा काढला, मग मैलदादाला बोलावून घेतलं. दवाखान्यासमोर बघ्यांची गर्दी जमली. तेवीसही खांद्यावर टोपल्या घेऊन आला. बसची वेळ झाली होती.

“काका, नकाशात दगड वळणापलीकडे दाखवलाय,” बाई म्हणाल्या. “या टोपल्यावाल्या काकांच्या दारासमोर.”

तेविसानं टोपल्या खाली ठेवल्या. त्याच्या चेहऱ्यावर काय उजाडलं म्हणून सांगू! पण बाई पुढे म्हणाल्या, “म्हणजे कागदावर तिथं आणि बसवताना पहिल्यापासून इथंच बसवला असणार. अशा चुका सापडतात जुन्या कामांत. तसंच लिहिते. बरोबर ना, काका?”

न्हावी खाकरला. कुणीतरी हळूच म्हणालं, “घ्या तेवीसराव, कागदावर तरी सापडला!” हशा पिकला. तेविसानं मान खाली घातली आणि टोपल्या उचलायला वाकला.

नुसतं ‘हो’ म्हटलं की सुटका होती. मैलदादा जिथं उभा होता तिथं मी त्याचं सगळं वजन तोलत होतो. मी मनात म्हणत होतो, बोल रे, आता नाही बोललास तर हा माणूस मरेपर्यंत येडाच राहील.

“नाही मॅडम,” मैलदादा म्हणाला. “दगड त्याच्याच दारात होता. मी हलवला.”

हशा तिथल्या तिथं विरला. त्यानं सगळं सांगितलं. वहिनीच्या कळा, तीनशे पावलं, दोन अर्ज, पहार. शेवटी तेविसाकडे वळून म्हणाला, “आणि तू विचारायला आलास तेव्हा तोंडावर खोटं बोललो. तुला लोक हसत होते, मी ऐकत होतो.”

वाकलेला तेवीस सरळ झाला आणि मैलदादाच्या समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार, आणि घातल्या असत्या तरी मी त्याला दोष दिला नसता.

“ती माझ्या दारातून चालत गेली होती,” तो म्हणाला. “मी बाज काढत होतो, विसरलास? मला सांगायचं होतंस की. तो दगड लोटायला दुसऱ्या बाजूनं मी हात दिला असता.”

एवढं बोलून त्यानं टोपल्या उचलल्या आणि तेवढ्यात आलेल्या बसमध्ये जाऊन बसला. त्याच बसनं निघालेल्या न्हाव्यानं त्याला खिडकीजवळची जागा करून दिली. मैलदादा दगडावर हात ठेवून रडला. मीही रडलो असतो, पण माझं डांबर नुकतंच घातलेलं होतं.

बाईंनी तेवीस किलोमीटरची नवी हिरवी पाटी खऱ्या जागी लावली, तेविसाच्या दारासमोर. जुना दगड हलवू नये, असं त्यांनी कागदावर लिहिलं आणि ‘दवाखाना थांबा’ अशी नोंद करून घेतली, म्हणजे बस आता दगडाच्या भरवशावर नाही.

तेवीस आठ दिवस मैलदादाशी बोलला नाही. नवव्या दिवशी सकाळी तो दाराबाहेर आला, तर मैलदादा पाटीखाली बसलेला. टोपल्या ओवलेल्या बांबूचं एक टोक त्यानं उचललं आणि खांद्यावर घेतलं. तेवीस म्हणाला, “पुढं हो. वळणाला चढ आहे. तू ठेंगणा आहेस, मागं राहिलास तर सगळं ओझं तुझ्याकडं घसरेल.”

तेव्हापासून रोज हेच चाललंय. दोघंही सत्तरी ओलांडलेली. वाटेत तीनदा थांबतात. थांबतात त्या जागा मी ओळखतो, मैलदादाही ओळखतो.

तुमचा वेळ घेतला, माफ करा. मी काही फार मागत नाही. थुंका, खोदा, नावं ठेवा, सवय आहे मला. फक्त बाविसावा दगड गेला की वेग जरा कमी करा. वळणावर दोन म्हातारे एका बांबूला खांदा देऊन चाललेले दिसतील. हॉर्न वाजवू नका. बस त्यांच्यासाठी थांबते.