नदीकाठची चाळीस मिनिटं

शोदमोनची आई गुरुवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गेली. पण वीजकेंद्राच्या वहीत त्या वेळेपुढे ‘सर्व सुरळीत’ असं खुद्द शोदमोनच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तेव्हा आपणही ती गेलीच नाही असं धरून चालू.

सकाळी तर ती होतीच. खोकत होती, आणि खोकल्यातून सवड मिळाली की टोमणे मारत होती.

“अख्ख्या गावाचा दिवा माझ्या पोराच्या हातात, आणि मी इथे गोधडीत गोठतेय.”

“सातला लाइट येईल, आई. वीट तापेल.”

“मग राष्ट्राध्यक्षाचं भाषणही ऐकते. थंडीबद्दल काय म्हणतोय बघू तरी.”

पामीरमधल्या त्या गावात त्या हिवाळ्यात वीज दिवसाला एकच तास यायची. अंगणातलं तुतीचं झाड डिसेंबरातच चुलीत गेलं होतं. उरली होती वीट. तिला खाचा पाडून तार गुंडाळायची. लाइट आली की ती लालबुंद व्हायची, आणि तेवढ्या उबेवर म्हातारी माणसं पुढचे तेवीस तास ढकलायची. दिव्याचं बटण कुणी बंदच करत नसे. दिवा लागला की लाइट आली, इतकी सोपी व्यवस्था.

दुपारी विभागप्रमुख कादिरोवसाहेबांचा फोन आला.

“शोदमोन, आज राष्ट्राध्यक्ष जनतेच्या मनोधैर्यावर बोलणार. संस्कृतिभवनात टीव्हीपुढे जिल्ह्याचे पाहुणे बसणार आहेत. विटा लावायच्या नाहीत म्हणून गावाला बजावलंय.”

“लोक काय म्हणाले?”

“माना हलवल्या.”

सातला शोदमोननं चारही लाइनी सुरू केल्या आणि माना हलवलेल्या गावानं एकदम विटा लावल्या. पाच मिनिटांत पुन्हा फोन.

“अरे, पडद्यावर राष्ट्राध्यक्ष आखडलेत. चारी बाजूंनी काळं, मधे वीतभर माणूस. पाहुणे खुर्च्या पुढे ओढतायत.”

“विजेचा दाब उतरलाय, साहेब. विटा.”

“मग एक लाइन पाड. कुठली ते तू बघ.”

एक दवाखान्याची, एक भवनाची, एक बाजाराची आणि एक नदीकाठची. नदीकाठी शोदमोनचं घर. खटके ज्याच्या हातात त्याच्या गल्लीत अंधार कधी होत नाही, असं गाव एकोणीस वर्षं म्हणत आलं होतं. म्हणून एकोणीस वर्षं तो आधी स्वतःचीच गल्ली पाडत आला होता. हात सवयीनं गेला. भाषण असून असून किती असणार, दहा मिनिटं.

राष्ट्राध्यक्ष पूर्ण आकारात आले आणि चाळीस मिनिटं बोलले. अंधार बाहेर असतो, मनात नसतो, असं म्हणाले. भवनात हातमोज्यांतल्या टाळ्या झाल्या.

पावणेआठला शोदमोननं नदीकाठ जोडला. आठला गाव बंद केलं, वही लिहिली आणि घरी आला.

त्याची बायको निसो अंधारात बसली होती. फडक्यात गुंडाळलेली वीट तिनं म्हातारीच्या पायाशी ठेवली होती. अजून गरम होती.

“लाइट गेली तेव्हा मलाच म्हणाल्या, घाबरू नकोस, तिथे शोदमोन बसलाय. मग दिव्याकडेच बघत राहिल्या.”

“आणि आली तेव्हा?”

“दिवा लागला,” निसो म्हणाली. “त्या बघतच होत्या.”

तिसऱ्या रात्री रिवाजाप्रमाणे गावच्या धर्मगुरूंनी, खलिफांनी, म्हातारीसाठी तुपाची वात लावली. ती पहाटेपर्यंत एकदाही विझली नाही. कुणाच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. कादिरोवसाहेब येऊन बसले, मटणाची लापशी खाल्ली आणि शोदमोनच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “राष्ट्राध्यक्ष फार स्वच्छ दिसले, बरं का.”

सोमवारी शोदमोननं अर्ज दिला.

‘मा. विभागप्रमुख यांस,

गुरुवारी सायंकाळी सात-पाच ते सात-पंचेचाळीस या वेळेत नदीकाठच्या लाइनीस वीज मिळालेली नाही. तरी सदर चाळीस मिनिटं त्याच दिवशी, त्याच वेळेत परत मिळावीत, ही नम्र विनंती. सर्व गल्लीस नको. एका विटेपुरती पुरे.’