हातभर दोर

द्वारका चौकापासून दोन गल्ल्या आत माझं दोरांचं दुकान आहे, आणि एकवीस वर्षांत ‘सोमनाथशेठ, तुमचा दोर तुटला’ अशी तक्रार घेऊन एकही गिऱ्हाईक पायरी चढलेलं नाही. फुशारकी मारत नाही. आता कसली फुशारकी. सांगतो एवढ्याचसाठी, की माझ्या दोराला बट्टा लावणारा माणूस जगात एकच निघाला आणि तो मीच. अमोल गेला त्या दिवशी पंचनाम्यात मी सांगितलं, दोर तुटला.

दोर तुटला नव्हता. अमोल, आमचा एकुलता एक, धरणावरच्या बोट क्लबात शिडाची होडी चालवायला शिकत होता आणि त्या रविवारी मोठ्या हौसेनं मला दाखवायला घेऊन गेला होता. फेरी मारून आल्यावर त्यानं होडी काठच्या खुंट्याला बांधली, अंगातलं लाइफ जाकीट काढलं आणि होडीतच आडवा झाला. त्याची ती गाठ मला पसंत पडली नाही. नांदगावकडच्या आमच्या गोठ्यात जनावर कायम सुरगाठीनं बांधतात. आग लागली, साप निघाला, तर टोकाला एक हिसका दिला की जनावर मोकळं. ज्याची गाठ एका ओढीत सुटत नाही तो कसला शेतकरी, असं माझे वडील म्हणायचे. मी अमोलला म्हटलं, “ही निरगाठ वेळेला सुटायची कशी रे?” तो डोळे मिटूनच हसला आणि म्हणाला, “असू द्या हो आण्णा.” मी असू दिलं नाही. त्याची गाठ सोडून माझी सुरगाठ मारली आणि टपरीवर चहाला गेलो.

वारा सुटला, तेव्हा माझा पेला अर्धा होता. होडी मधोमध जाऊन उलटली. माणसांनी ती ओढून काठाला आणली तेव्हा दोराचं टोक शाबूत होतं, अगदी दुकानातून निघालं तसं. पोलीस यायच्या आत, सगळे पाण्याकडे बघत असताना, मी खिशातल्या कटरनं ते हातभर कापलं, राहिलेलं टोक दगडावर घासून विसविशीत केलं आणि कापलेला तुकडा लांब पाण्यात फेकून दिला. पोर अजून पाण्यात होतं आणि बाप हे करत होता.

दीड वर्षानं मी त्याच क्लबात नाव घातलं. मैनाला, माझ्या बायकोला, वाटलं की पोराच्या आठवणीपायी जातोय. तिनं कपाटातून तोच दोर काढून दिला, पोलिसांनी परत केलेला, आणि म्हणाली, “त्याच्याच दोरावर शिका.” नाही म्हणायला तोंड कुठे होतं? खरं कारण वेगळंच होतं. अमोलची गाठसुद्धा वाऱ्यात सुटलीच असती, असं एकदा जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. एवढं ऐकलं असतं, तर मी मैनाच्या ताटासमोर मान वर करून जेवलो असतो.

संपदाताई शिकवायला होत्या. अमोललाही त्यांनीच शिकवलेलं. अमोल मारायचा त्या गाठीचं नाव बोलाइन. दोराला एक लहान कडं करायचं, ते कुंड; उभा दोर म्हणजे वड; आणि हातातलं टोक म्हणजे स्नानाला आलेला माणूस. “कुंडातून वर, वडाला प्रदक्षिणा, परत कुंडात,” असं म्हणत त्या गाठ आवळायच्या. तिसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, “ताई, ही आपोआप सुटते का?”

“नीट आवळली तर नाही सुटत काका. दोर तुटेल एखादवेळी,” त्या म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, “तुमच्याकडे तेच झालं ना.”

त्या दिवसापासून जेवण जाईना. तरी सराव सोडला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. दुपारी जेवायला घरी आलो की खिडकीच्या गजाला त्या दोराची बोलाइन बांधायचो, आणि ती तशीच ठेवून दुकानात परतायचो. एकदा संध्याकाळी बघतो, तर टोक फासाच्या दुसऱ्या अंगाला आलेलं. माझंच चुकलं असेल म्हणून सोडून नीट बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोबाइलवर फोटो काढून ताईंना दाखवला.

“ही डावखुऱ्याची आहे,” त्या म्हणाल्या. “प्रदक्षिणा उलटी घातलीय. अमोल अशीच मारायचा.”

उलटी प्रदक्षिणा आमच्यात एकदाच घालतात, चितेला. मी त्याला घातली होती.

मैनाला विचारलं, तर ती म्हणाली, “मी नाय हात लावला. मला कुठं येतीय?” मग ते गजापुरतं राहिलं नाही. वाळवणाची दोरी, गॅलरीतल्या तुळशीची कुंडी, दुकानातल्या पोत्यांची तोंडं, जिथं जिथं मी सवयीनं सुरगाठ मारायचो तिथं तिथं थोड्या वेळानं ती डावी बोलाइन दिसायची. लासलगावचा एक जुना व्यापारी दोराचं बांधलेलं बिंडं हातात फिरवत म्हणाला, “शेठ, ही कसली नवीन गाठ काढली? लय पक्की हाय.” खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला आनंदच झाला. पोर घरात आहे, असं वाटायचं. मी मुद्दाम सुरगाठी मारून ठेवायचो, पाठ फिरवायचो आणि वाट बघायचो. मग एके दिवशी कळलं, की तो मला भेटायला येत नव्हता. तो माझी गाठ सोडून त्याची बांधत होता, मी त्याची सोडली होती तशी, न बोलता, पुन्हा पुन्हा. मी सुरगाठ मारायची सोडून दिली. मग बांधणंच सोडलं; अमोलचा दोर खिडकीच्या गजावर तसाच लोंबत राहिला.

काल दुपारी घरी आलो, तर मैना खिडकीखाली फरशीवर बसली होती. दोर तिच्या मांडीवर होता.

“मी काढला नाय,” ती म्हणाली. “खाली पडला होता.”

विसविशीत टोकाला डावी बोलाइन होती. त्या गाठीच्या फासात दुसरा फास अडकवलेला होता, तोही डावाच, आणि तो हातभर लांबीच्या एका तुकड्याचा होता. तुकड्याचं मोकळं टोक मेणबत्तीवर वितळवून घेतलेलं आणि त्यावर लाल धागा गुंडाळलेला. आमच्या दुकानाची ती खूण. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक दोराच्या टोकाला तो धागा मैनाच गुंडाळते.

तिनं धाग्यावरून अंगठा फिरवला. कापलेल्या जागेवरूनही फिरवला, दोनदा.

“माझ्या हातचा हाय हा,” ती म्हणाली. “मग तुटलं काय हो?”

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो. त्या हातभर तुकड्यातून पाणी ठिबकत होतं. तिच्या साडीवरची ओल गुडघ्यापर्यंत पोचली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.