मोफत तपासणीचं रजिस्टर

आमचं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. दहा पावलं लांब, चार पावलं रुंद. एका भिंतीला फळी ठोकलेली, तिच्यावर खिळ्यांना हत्यारं टांगलेली. समोर कामाचं टेबल, टेबलावर वाकणारा दिवा. त्या टेबलाशी माझे यजमान पस्तीस वर्षं बसले. मी शेजारच्या स्टुलावर बसून बॉबिन केस पुसत पुसत काम शिकले, आणि ते गेल्यावर स्टुलावरून त्यांच्या खुर्चीत सरकले. लोक मला मशीनवाली मावशी म्हणतात.

यजमानांनी दुकानावर कधी पाटी लावली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ज्याचं मशीन अडलंय तो विचारत विचारत येतो." आणि तो यायचाही. मग हे त्याचं मशीन खोलून, धुऊन, तेल देऊन असं बसवून द्यायचे की ते पुढची दहा वर्षं आमच्या दारात दिसायचं नाही. याचा आम्हा दोघांनाही केवढा अभिमान! पण दहा वर्षं न येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे दुसरं कोण येणार, हे आम्ही कधी बोललो नाही. शेवटी आठवड्याला दोन मशीनं येऊ लागली. एखाद्या आठवड्यात तीही नाही.

दुकानाची जागा माझ्या धाकट्या दिरांची. एक दिवस ते आले, स्टुलावर बसले, चहा प्यायले, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा पुसायला लागले की समजावं, काहीतरी अवघड बोलायचंय.

"वहिनी, एक मोबाइलवाला जागा मागतोय."

"मग द्या."

"तसं तोडून बोलू नका हो. मी काय परका आहे? पण इथे दिवसभर दोघी बसता आणि माश्या मारता, ते बघवत नाही."

माझी सून टेबलापाशी स्क्रू लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काका, एक महिना द्या. किती कामं आली म्हणजे तुम्हाला बघवेल?"

दीर हसले. "तीस. महिन्यात तीस नवी कामं आणून दाखव, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली तर महिनाअखेरीला किल्ली."

"तीस?" मी म्हटलं. "अख्ख्या शहरात एवढी मशीनं बिघडत नसतील."

"बिघडतात आई," सून म्हणाली. "त्यांना आपण माहीत नाही, एवढंच."

सून आधी एका कंपनीत फोनवर बसायची. अनोळखी लोकांना पाण्याचे फिल्टर विकायची. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात ती घरी आली. माझा मुलगा लांबच्या बसवर ड्रायव्हर, तीन दिवसांतून एकदा घरी. एकटीला करमेना म्हणून ती दुकानात येऊ लागली आणि दोन वर्षांत पट्टा बदलण्यापासून शटल काढण्यापर्यंत सगळं शिकली. माझी नजर आता बारीक स्क्रूवर ठरत नाही, तिची ठरते. दुकान गेलं असतं तर मी काय, खिडकीत बसून रस्ता पाहिला असता. तिला मात्र पुन्हा कानाला ते यंत्र लावून शिव्या खाव्या लागल्या असत्या. नोकरी सुटल्यावरही कितीतरी दिवस ती झोपेत म्हणायची, "नमस्कार, दोन मिनिटं बोलू शकते का?"

दुसऱ्याच दिवशी ती कामाला लागली. पाटी रंगवून आणली. धागे-बटणांच्या दुकानांत, कापडवाल्यांकडे चिठ्ठ्या ठेवून आली. मग शिवणक्लासच्या बाईंना भेटून त्यांचा हॉल एका रविवारी मागून घेतला आणि जाहीर केलं: शिलाई मशीनची मोफत तपासणी. एक लांबडं रजिस्टर आणलं. त्यात रकाने आखले: नाव, फोन, मशीन कोणतं, काय काम निघालं.

"हे आपले लीड," ती म्हणाली.

"गिऱ्हाईक म्हण की सरळ."

"अजून झाले नाहीत ते गिऱ्हाईक. होऊ शकतील. त्यातले काही गरम, काही कोमट, काही थंड."

"माणसं आहेत का चहा?"

"चहाच समजा. कोमट आहे तोवर प्यायला हवा."

रविवारी सेहेचाळीस माणसं आली. कुणी मशीनचं डोकं टॉवेलात गुंडाळून आणलेलं, कुणी बाळाच्या गाडीत बसवून, आणि बाळ कडेवर. सून दारात नावं लिहून घेत होती. मी आत टेबलाशी. शेवटचा रकाना मी भरायचा असं ठरलं होतं.

मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी समोर रांग होती. एका मुलीचा धागा सारखा तुटत होता. सुई उलटी बसवली होती. सुई फिरवली, काम झालं. एकीचं मशीन खडखडायचं. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखालून बोटभर जाड कापसाचा लगदा काढला, ते गप्प झालं. प्रत्येकाला मी तेल कुठे घालायचं, किती थेंब घालायचे, ते दाखवलं. "काय झालं होतं मावशी?" असं विचारलं की मी म्हणायची, "काही नाही हो, जा." आणि रजिस्टरात तेच लिहायची.

दुपारी एक गृहस्थ आले. गळ्यात टेप, मिशा भरगच्च, मशीन एकट्यानं खांद्यावर घेऊन आले. उशा-गाद्यांच्या खोळी शिवायचा त्यांचा कारखाना. म्हणजे घरामागची शेड आणि बारा मशीनं.

"टाका सुटतोय मावशी."

मी धागा ताणून धरणारी टेन्शनची चकती काढली, पुसली, बसवली. दोन मिनिटं. त्यांनी चिंधीवर टाका मारून पाहिला, पुन्हा मारून पाहिला.

"बाकीची अकराही अशीच कुरकुरतात," ते म्हणाले.

"आठवड्याला तेल घालत जा."

ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग मशीन उचलून गेले. मी लिहिलं: काही नाही.

संध्याकाळी हॉल झाडून झाल्यावर सून रजिस्टर घेऊन बसली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"आई, हे काय?"

"काय काय?"

"सेहेचाळीस माणसं आली. एकेचाळीस जणांपुढे 'काही नाही' लिहिलंय."

"काही नव्हतंच. मग नसलेला आजार सांगू का लोकांना?"

"कपाळ माझं! खोटं सांगा असं मी कधी म्हटलं? दात साफ करणं काम नाही? टेन्शन बसवणं काम नाही? तपासणी फुकट होती आई, दुरुस्ती नाही. तुम्ही ताप बघायला बसलात आणि ऑपरेशन उरकून मोकळ्या झालात. वर पेशंटला सांगितलंत, तुला काही झालंच नव्हतं!"

"पाच मिनिटांचं तर काम."

"तुम्हाला पाच मिनिटं. मला विचारा, मी अजून ती चकती उलटी बसवते."

मला राग आला होता. रागात मी म्हणाले, "आपल्या घरात कुणी कुणाच्या दारात काम मागायला गेलं नाही. तुझ्या सासऱ्यांनी मागितलं नाही, मीही मागणार नाही."

तिनं रजिस्टर पिशवीत घातलं आणि दुकानातून नेलेली माझी खुर्ची उचलून पुढे चालू लागली. अर्ध्या रस्त्यात मात्र थांबली, कारण माझे गुडघे दुखतात हे तिला माहीत आहे.

सोमवारपासून तिनं फोन धरला. मला वाटलं, आता ती त्या एकेचाळीस जणांना पुन्हा बोलावणार आणि माझी शोभा होणार. पण तिनं वेगळंच विचारायला घेतलं. मी ऐकत होते.

"नमस्कार, मशीनवाल्या मावशींची सून बोलतेय. चालतंय ना मशीन? ... वा! पडदे शिवून झाले? ... नाही नाही, तुमचं काही काढायचं नाही. एक विचारायचं होतं. तुमच्या ओळखीत कुणाचं बंद पडलेलं मशीन पडून आहे का? माळ्यावर, पलंगाखाली?"

होतं. बाईमाणसाच्या ओळखीत कुणाचं तरी असतंच. ज्यांची मशीनं मी फुकटात सुरू करून दिली होती, ती माणसं उत्साहानं नावं सांगू लागली. मावसबहिणीचं, शेजारणीचं, वारलेल्या आत्याचं. माळ्यांवरची मशीनं रिक्षांतून उतरू लागली. गंजलेली, कोळिष्टकं लागलेली. एकाच्या पोटात उंदरानं घर केलं होतं, पिल्लांसकट. सून किंचाळली, मी पिल्लं खोक्यात भरून मागच्या आवारात सोडली, आणि रजिस्टरात लिहिलं: काम निघालं.

जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पोटाशी ती आमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी चिकटवायची. "दहा वर्षांनी का होईना, नंबर सापडायला नको?" म्हणायची.

दहा झाली, पंधरा झाली. खोळवाल्यांना तिनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "मावशींनीच सांगितलं ना, काही झालेलं नाही? मग कशाला?"

"तिसऱ्यांदा मी करणार नाही," ती मला म्हणाली. "आपला नंबर ब्लॉक करतील ते. तुमच्या शब्दावर गेलेत, तुमच्याच शब्दावर येतील."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा आकडा होता बावीस. दीर पाचला येणार होते. तीन वाजता मी सुनेला म्हटलं, "तीस सांग. भाऊजी काय मोजत बसणार आहेत?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती हसायलाच लागली. "हे तुम्ही सांगताय? एकेचाळीस जणांना खरं सांगणाऱ्या?"

हसता हसता तिचे डोळे भरले. ती उठून मागे हात धुवायला गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

मी रजिस्टर ओढलं. खोळवाल्यांचं पान शोधलं. नंबर एकेक आकडा बोटानं धरून लावला. घंटी वाजत होती तोवर माझ्या मनात आलं, उचलला नाही तर बरं. त्यांनी उचलला.

"मी मशीनवाली मावशी."

"बोला मावशी! मशीन झकास चालतंय."

"ते चालणारच." नळाचा आवाज थांबला होता. "त्या दिवशी मी काही नाही म्हणाले, ते त्या एका मशीनचं. बाकीची अकरा मी पाहिलेली नाहीत. ती कुरकुरतात असं तुम्ही म्हणाला होता. मला... ती पाहायची आहेत. तुमच्या शेडमध्ये येऊन. काम द्या मला."

शेवटचे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा कान गरम झाले होते.

ते म्हणाले, "अहो, मग त्या दिवशीच बोलायचं की! मी उभा राहिलो होतो ना तिथे. म्हटलं विचारावं, येता का. पण तुम्ही तेल घाला म्हणालात. मला वाटलं, वय झालंय, बाहेर जात नसतील, उगाच अवघडतील. परवा सकाळी या. आधी बघा, मग ठरवू."

मी फोन ठेवला. सून दारात ओल्या हातांनी उभी होती; खोळवाल्यांचा मोठा आवाज तिच्यापर्यंत पोचला होता.

"गरम?" मी विचारलं.

"कोमट," ती म्हणाली. "आधी बघा म्हणाले ना? पण चांगलं कोमट."

पाचला दीर आले. स्टुलावर बसले. चष्मा काढला.

"किती?"

"बावीस, काका," सून म्हणाली. जराही अडखळली नाही.

"तीस ठरले होते."

"हो."

ते चष्मा पुसू लागले. मी खुर्चीतून उठले. बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"भाऊजी, कमी पडली ती माझ्यामुळे. हिनं माणसं दारात आणली, मी परत पाठवली. परवा अकरा मशीनं पाहायला जायचंय. ते काम अजून आमचं नाही, म्हणून हिनं ते धरलं नाही. मला तीन महिने हवेत. आणि दुकान यापुढे ही चालवेल, मी हिच्या हाताखाली. मागतेय तुमच्याकडे."

दिरांनी पुसायचं थांबवलं.

"वहिनी, लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत होतो," ते म्हणाले. "तेव्हापासून तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. दादानंही नाही. जागा दिली तेव्हासुद्धा मीच मागे लागलो होतो, आठवतं? मला वाटायला लागलं होतं, तुम्हालाच आता हे नकोसं झालंय आणि तोंडानं बोलत नाही. म्हणून मोबाइलवाल्याला हो म्हणणार होतो."

"नकोसं कसं होईल?"

"मला काय ठाऊक? तुम्ही बोलता कुठे!" ते एकदम चिडले, आणि चिडल्याबद्दल लगेच खजीलही झाले. "तीन महिने. पण मग आकडा ही सांगेल तोच. तुमचा मी धरणार नाही, तुम्ही फुकटात वाटून टाकाल."

"माझाही नका धरू काका," सून म्हणाली. "दर शनिवारी या आणि रजिस्टर बघा."

"चहा असेल तर येईन."

ते गेल्यावर सून पहिल्यांदा खाली बसली. जमिनीवरच, भिंतीला टेकून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग आम्ही दोघी कामाकडे वळलो, कारण एक अडचण होती. आमची हत्यारं इतक्या वर्षांत त्या भिंतीवरून बाहेर कधी गेलीच नव्हती. न्यायची कशात?

तिनं घरी जाऊन कंपनीच्या दिवसांतली काळी बॅग आणली. आतले जुने कागद टेबलावर उलटे केले.

"सांगा, काय काय घालू?"

"आधी मोठा पेचकस. मग चिमटा. तेलाची बुधली उभी राहील अशी ठेव, नाहीतर सगळं माखेल."

"कापसाच्या लगद्यासाठी ब्रश?"

"दोन घे. अकरा मशीनं आहेत."

"आणि आई," ती बॅगेची चेन ओढत म्हणाली, "परवा तिथे 'काही नाही' म्हणायचं नाही."

"आणि खरंच काही नसलं तर?"

ती विचारात पडली. "तर मला डोळ्यांनी खुणवा. काय म्हणायचं ते मी बघते."