चारशे बारा शिल्लक माणसे

नागपूरच्या मिहानमधल्या त्या सल्लागार कंपनीने समुद्र पाहिला होता तो वार्षिक सहलीत, आणि तोही हॉटेलच्या गच्चीवरून. नौदलाला किती माणसे लागतात हे मात्र तिने सहा आठवड्यांत ठरवून टाकले होते. इंजिनखोलीच्या शाखेत चारशे बारा नाविक 'शिल्लक'. सबब दोन वर्षे त्या शाखेची भरती बंद. अहवाल बांधून तयार होता. उणी होती ती कंपनीतली संख्याशास्त्रज्ञ धनश्री निमजे हिची सही. दुपारी तीनला नौदलाच्या मनुष्यबळ विभागाच्या कॅप्टन हिमानी डोंगरे तो स्वीकारायला येणार होत्या.

अज्ञानाचा धनश्रीला राग नव्हता; अज्ञान निदान प्रामाणिक असते. तिच्या डोक्यात गेला होता तो एक शब्द. सकाळी बेसा भागातल्या घरी तिने तो वडिलांपुढे ठेवला. रुपराव उमरेडच्या विणकर घरातले. माग सोडून नौदलात गेले आणि वीस वर्षे इंजिनखोलीच्या शाखेत काढून चीफ, म्हणजे तिथले ज्येष्ठ नाविक, म्हणून निवृत्त झाले.

"शिल्लक म्हणजे कोन वं?"

"ज्यांचं नाव आज कुठल्याच जहाजावर नाही ते. कोणी कोर्सला, कोणी रजेवर, कोणी बदलीच्या वाटेत."

रुपराव कपातला चहा सांडेपर्यंत हसले. "मंग विसातले सहा वर्षं मी शिल्लकच होतो की! अन् तुही आई मले कामाचा माणूस समजून राहिली होती."

"मी कधी समजली?" स्वयंपाकघरातून चंद्रकलाबाईंनी तत्परतेने खुलासा केला.

रुपरावांनी कप खाली ठेवला. "पाय वं, इंजिनचा आवाज बदलला का कोनता पुर्जा बोलून राहिला, हे समजाले मले पंधरा वर्षं लागले. आता पोट्टे घेतले नाही, तं पंधरा वर्षांनी त्या जागेवर काय बसवता? अहवाल?"

तीन वाजता कॅप्टन डोंगरे यांनी अहवालाचे शेवटचे पान उलटले. "सही नाही?"

"किरकोळ शंका आहे मॅडमची," कंपनीचे संचालक सौरव घाईने म्हणाले, आणि धनश्रीकडे वळले. "नागपुरात बसून नौदलाला समुद्र शिकवणार का तुम्ही?"

"अहवालही नागपुरातच लिहिलाय, सर." तिने आपला तक्ता कॅप्टनपुढे सरकवला. "नौदलाला चीफ बाहेरून आणता येत नाही, माणूस तळातूनच वर येतो. दोन वर्षे भरती थांबली, तर तळाशी पडलेले भगदाड दरवर्षी एकेक पायरी चढेल आणि पंधरा वर्षांनी इंजिनखोलीत चीफच्या जागी उभे राहील."

"आणि हे चारशे बारा?"

"चारशे तीन जण कोर्स, रजा, बदली, दवाखाना. त्यांनी येऊन जागा घेतल्याशिवाय जहाजावरचा माणूस उतरू शकत नाही."

"उरले नऊ."

"ते अस्तित्वातच नाहीत. नऊ नावे दोनदा नोंदली आहेत."

सौरव यांना अचानक वातानुकूलन यंत्राकडे लक्ष द्यावेसे वाटले. कॅप्टन डोंगरे यांनी तक्ता पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सुबक बांधणीचा अहवाल मिटून अलगद सौरव यांच्याकडे परत सरकवला.

"भरती चालू राहील. धनश्री, या तक्त्यावर सही कराल?"

"केली आहे," धनश्री म्हणाली. "मागच्या पानावर. सकाळीच."