नव्याचा घास

कुकरची शिट्टी झाली की आबा उठायचे. एरवी मोरीपर्यंत जाताना भिंतीचा आधार घेणारा माणूस, पण शिट्टी कानावर पडली की चपला पायात, मफलर गळ्यात आणि थेट फाट्याकडे. "आलोच," एवढंच म्हणायचे. मी ताट हातात घेऊन दारात उभी. असा संताप व्हायचा की विचारू नका.

केमोचे दोन डोस झाले होते, तिसरा मंगळवारी पुण्याला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल." तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. तळेगावच्या ऑफिसातून रजा टाकून मी कार्ल्याला आले होते ती वडिलांच्या पोटात चार घास घालायला, आणि ते घासच जात नव्हते. आल्याचा तुकडा, लिंबाची फोड, जेवणाआधी उलटीची गोळी, थोडं थोडं पण सारखं खाणं, सांगितलेलं सगळं मी करत होते. तरी उलट्या चालूच. थकवा तर असा की अंघोळ करून आले की दुपारपर्यंत नुसते पडून राहायचे. मी आत-बाहेर येरझारा घालायचे आणि आई, रतनबाई तिचं नाव, मला म्हणायची, "बस गं जरा, तुज्याकडं बघूनच मला दम लागतो."

त्यात आमच्याकडचं औषध एकच, वासाच्या इंद्रायणी तांदळाची पेज. तापाचा माणूस असो की बाळंतीण, मावळात चुलीवर चढते ती इंद्रायणीच. नुकतीच कापणी उरकलेली, त्यामुळे आळीतलं घरन् घर नव्या तांदळाची पेज घेऊन आमच्या दारात. शेजारच्या रेणुकाकाकू तर वाफाळतं भांडं आबांच्या नाकाखाली धरायच्या. "भाऊ, वास तरी घ्या. वासानंच भूक लागंल." आबा हसायचे, घोटभर घ्यायचे आणि काकूंची पाठ वळली की मोरी गाठायचे.

आमच्या घरी नव्या तांदळाचा पहिला घास आबांचा. त्यांनी तो घेतल्याशिवाय घरात कुणी नवं खात नाही. एरवी आबा नुसत्या वाफेवरून सांगायचे, हा वरच्या भातखाचरातला, हा ओढ्याकडचा. कधी चुकले नाहीत, आणि आपण चुकत नाही हे अख्ख्या कार्ल्याला सांगितल्याशिवाय कधी राहिलेही नाहीत. पुण्याचं गिऱ्हाईक यायचं असलं की हे आधी भात टाकायला लावायचे. "तांदूळ काय दाखवायचा? वास गेला की गाडी आपोआप थांबती." यंदा पोतं कोपऱ्यात तसंच उभं होतं आणि आई मागच्या सालचा तांदूळ निवडत होती. मी दोनदा नव्याचा भात वाढून पाहिला. दोन्ही वेळा आबा म्हणाले, "उद्या."

शनिवारी शिट्टी झाली, आबा निघाले, आणि मी गॅस बंद करून त्यांच्या मागोमाग गेले. फाट्यावर कोंडाजीभाऊंची मक्याच्या कणसांची टपरी आहे. आबा तिथल्या बाकावर हायवेकडे तोंड करून बसले होते. ट्रक जात होते, एसट्या धूर सोडत होत्या, आणि आबा चक्क जेवत होते. कोंडाजीभाऊंच्या डब्यातली गार भाकरी आणि दही.

मी ओरडलेच. "घरी एक घास गिळवत नाही, आणि इथे धुरात बसून भाकरी? माझ्या हातचं इतकं वाईट लागतं का तुम्हाला?"

कोंडाजीभाऊंनी मान खाली घालून कणसं फिरवायला सुरुवात केली. आबांनी भाकरी डब्यात ठेवली.

"तुज्या हातचं न्हाई गं. भाताचा वास सोसना झालाय. शिट्टी झाली की पोटातलं सगळं वर येतं. हितं डिझेल हाय, हितं बरं वाटतं."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? जलमभर गावाला वास देत फिरलो. आता म्हनू, माज्याच तांदळानं मला उलटी होती?" मफलरच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. "परवा खाचराकडं गेलतो. पेंढ्याचा बी वास सोसला न्हाई. बांधावरनं माघारी आलो."

आबांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. माझा राग काही विझला नाही, तो माझ्याकडेच वळला. इतके दिवस मी औषध म्हणून त्यांना तेच पाजत होते.

तिथूनच मी केमोच्या वॉर्डातल्या प्रेरणा सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, हे पुष्कळांना होतं, आधी सांगायचं ना. गरम अन्नाचा वास उठतो. ताजं करा, पण गार करून द्या. आणि स्वयंपाक चालू असताना त्यांना घरात बसवू नका."

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं पोत्यावर जुनी चादर टाकली आणि ते ओढत ओढत मागच्या पडवीत नेलं. कुकर रेणुकाकाकूंच्या घरी गेला. पेजेची भांडी मी दारातूनच परत पाठवू लागले, लोकांना काय वाटायचं ते वाटो. रविवारी आबांनी गार भाकरी खाल्ली, थोडं गार वरण प्यायले, आणि दुपारी फाट्यावर न जाता अंगणात बसले.

सोमवारी सकाळी आईनं मला न विचारता पोत्यातले वाटीभर तांदूळ घेतले आणि ती काकूंकडे गेली. परत आली तेव्हा हातात झाकलेलं पातेलं होतं. ते तिनं फ्रिजमध्ये ठेवलं. दुपारी भात थंडगार झाल्यावर त्यातला थोडा घेऊन घट्ट दही कालवलं, मीठ घातलं आणि वाटी माझ्या हातात दिली. "तू दे."

आबांनी एक घास घेतला. मी बादली पायाशी ओढून ठेवली होती. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. बादली कोरडी राहिली.

"बरा लागतो," आबा म्हणाले. "कुनाच्या खाचरातला गं ह्यो?"

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

"दुकानातला," मी म्हटलं.

"तरीच. वासच न्हाई." त्यांनी वाटी पुढे केली. "वाढ अजून थोडा."

मी वाढला. उद्या आबा पुण्याला उपाशी पोटी जाणार नव्हते. याचसाठी इतके दिवस तळमळत होते मी, आणि ते खाताहेत हे बघवत नव्हतं.

आत आले तर आईनं पातेल्यात उरलेला भात दोन ताटांत वाढला होता.

"खा," ती म्हणाली. "त्यांनी घेतला."