शिंगाच्या कंगव्याचा राग

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे. म्हशीच्या शिंगाचा, रुंद दातांचा. म्हातारा कंगवा म्हणजे गोड गोड बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल, तर ते विसरा. माणसांच्या हातांवर माझा राग आहे आणि आज तोच सांगायला बसलोय.

इरावती नदीच्या काठी ऊ पो थिन नावाच्या कारागिराने मला घडवलं. त्याने शिंग विस्तवावर शेकलं, दोन फळ्यांत दाबून सपाट केलं आणि करवतीने माझा एकेक दात पाडला. मग वाळूने आणि खरबरीत पाल्याने इतकं घासलं, की केस अडकेल असा ओरखडा माझ्या अंगावर राहिला नाही. विकताना तो म्हणाला होता, "याचे दात दूर दूर आहेत. नाजूक केसांना गर्दी सोसत नाही."

मला घेतलं ते यिन मूने. तेव्हा ती नवी नवरी होती. तिचे केस कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, नुसत्या वाऱ्यानेही गुंतायचे. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी ते सांभाळले. धुण्याआधी ती केस कोरडेच विंचरून मोकळे करी. शिकेकाई उकळी, तयो झाडाची साल ठेचून पाण्यात भिजवी आणि दोन्ही एकत्र गाळी. शेंगा मळ काढत, साल पाण्याला बुळबुळीत करी. केस खाली सोडून ती वरून पाणी ओती, आणि ते बुळबुळीत पाणी केसांत असतानाच मला शेंड्यांपासून वर वर नेई. मी नदीतल्या माशासारखा सरकत असे. काम झालं की बांबूच्या भिंतीत, सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच, माझी जागा. डोक्याची वस्तू खाली ठेवायची नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं.

मग घरात सून आली, सान यी. तिचे केस नावेच्या दोरासारखे जाड. सालीचं पाणी तिच्या केसांतून निघता निघत नसे, म्हणून ती नुसत्या शिकेकाईने डोकं धुवायची. तिचं ते चालून जायचं. पण तिला मुलगी झाली थूझा, आणि थूझाच्या डोक्यावर उगवले ते आजीचे केस.

सान यीने लेकीचं डोकंही आपल्यासारखंच धुतलं. सगळे केस डोक्यावर गोळा केले, लुगडं चोळावं तसे चोळले, पंच्यात पिळले आणि मला थेट मुळाशी खुपसून खाली ओढलं. पोर किंचाळली. केस तटातट तुटले, माझा एक दातही गेला.

"कंगवाच कुजका," सान यी म्हणाली आणि मला फेकलं. कुठे? खाली, चपलांशेजारी.

आजीने मला उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. शुक्रवारी जन्मलेल्या पोरीचं डोकं शुक्रवारी धुतलं, म्हणून हे झालं, असं ती भिंतीकडे बघून बोलली. मित्रांनो, शुक्रवार बिचारा निर्दोष होता. दोष हातांचा होता. पण आजीला वार दिसला, सुनेला कंगवा दिसला. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. बोलायचं ते पोरीच्या मार्फत.

"थूझा, आजीला सांग, त्या सालीच्या पाण्याने डोक्यावरून गोगलगाय फिरल्यासारखं वाटतं."

"थूझा, आईला सांग, भांडी वेगळी आणि माणसाचं डोकं वेगळं."

"दोघींनीही ऐकलंय," थूझा म्हणायची. "मी जाऊ खेळायला?"

दोन वर्षं अशी गेली. सान यीने बाजारातून दाट दातांचा निळा कंगवा आणला होता. मी भिंतीत धूळ खात बसलो आणि दर धुण्याला पोरीच्या केसांचे पुंजके बाहेर जाताना बघत राहिलो. हिवाळ्यात आजी घाटावर घसरली. तिचं उजवं मनगट असं दुखावलं, की त्या हातात चमचाही ठरेना.

आमच्याकडे मुलींचे कान जरा मोठ्या झाल्यावर, थाटात टोचतात; थूझाचा तो सोहळा ठरला. राजकन्येसारखे कपडे, मिरवणूक आणि डोक्यावर केसांचा उंच बुचडा. चार दिवस उरले असताना सान यीने तिचं डोकं धुतलं. मानेवर केसांची गाठ बसली, बोराएवढी नव्हे, मुठीएवढी. निळ्या कंगव्याने ती आणखी घट्ट केली. पोर रडून रडून थकली.

"कापते," सान यी म्हणाली आणि कात्री घेऊन आली. "बाजारात गंगावन मिळतं."

आजी उठली. "परक्या बाईचे केस माझ्या नातीच्या डोक्यावर? थूझा, सांग तुझ्या आईला."

थूझाने दोन्ही हातांनी मान झाकली. "केस माझे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही दोघी माझ्या डोक्यावर भांडता."

कात्री थांबली. आजीने डाव्या हाताने मला भिंतीतून काढलं, उजव्यात घेऊ गेली आणि मी निसटून ओल्या जमिनीवर पडलो. या वेळी मला सान यीने उचललं. पंच्याने पुसलं. कात्री बाजूला ठेवली.

"आई," ती म्हणाली, मध्ये पोरीला न घेता, "कुठून सुरू करायचं?"

"शेंड्यांपासून. मुळाशी गेलीस तर हात मोडीन."

"त्या दुखऱ्या हाताने?"

"डावा आहे अजून. जा, आधी साल ठेच."

सान यीने साल ठेचली. बुळबुळीत पाणी गाठीवर ओतलं, मुरू दिलं. आधी बोटांनी गाठ सैल केली. मग केस गाठीच्या वर मुठीत धरले, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि मला शेंड्यांशी लावलं. बोटभर सोडवायचं, मग बोटभर वर. आजी शेजारी बसून शिव्या देत होती. हळू, नाव ओढत नाहीयेस. सान यी उलट बोलत होती. इतकं कळत होतं तर दोन वर्षं तोंडात काय धरलं होतं? जेवणानंतर सुरू केलेलं काम विहिरीवर संध्याकाळची सावली आली तेव्हा संपलं. तुटलेले केस आजीने बोटाला गुंडाळून पाहिले. दोन वेढेसुद्धा झाले नाहीत. थूझा मात्र कधीच झोपी गेली होती.

मिरवणुकीत इतर मुलींचे बुचडे नारळाएवढे, थूझाचा लिंबाएवढा. शेजारीण हसली. तेव्हा सान यी ताठ मानेने म्हणाली, "आमच्या घरात केस असेच असतात. बारीक." आजीने ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं.

त्यांचं प्रेम जमलं असं समजू नका. तिसऱ्याच दिवशी आमटीतल्या मिठावरून पुन्हा अबोला. फक्त केस धुण्याच्या दिवशी त्या एकमेकींशी सरळ बोलतात, तेही भांडण्यापुरतं. मला तेवढं पुरतं.

मित्रांनो, माझी कीव करू नका. ओल्या केसाची करा. ओला केस फार लवकर तुटतो, बारीक असेल तर जास्तच. त्याला गोळा करून चोळू नका, पिळू नका, शेंड्यांपासून सोडवा. आणि ज्या दिवशी कुणाचा राग डोक्यात असेल, त्या दिवशी दुसऱ्याच्या डोक्याला हात लावू नका. मला भिंतीतच राहू द्या.