सूर्य कुठल्या काठाला बुडतो

बशीर दहबच्या कवितांची कॅसेट मी इतक्यांदा ऐकली आहे की तिची फीत आता घरघरते. धरणाने आमचं नदीकाठचं गाव गिळलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. सरकारने आणून टाकलं ते या कोरड्या माळावर. इथे दारातून समोरच्याचं दार दिसतं, पाणी नाही. दुपारी पीठ चाळताना कॅसेट लावली की बशीर बोलायला लागतो. खजुराच्या सावल्या, रहाटाची कुरकुर, पाण्यापल्याडची पांढरी भिंत. मग बरं वाटतं. मुलगा गेला त्या वर्षी तर मी बशीरच्याच आवाजावर तगले.

माझा दीर सुकरी जन्मभर कैरोत खानसामा होता. त्याला सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक.

"वहिनी, तुझा तो कवी अलेक्झांड्रियात वाढलाय. आपला काठ त्याने चित्रातसुद्धा पाहिला नसेल."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"मग ऐक की नीट कान देऊन!"

ऐकलं, आणि चोरी सापडली. कवितेत सूर्य नदीत बुडत होता. आमचं घर पश्चिम काठावर. सूर्य पाण्यावरून उगवायचा आणि मागच्या वाळूच्या टेकड्यांत बुडायचा. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? त्यानंतर मला ओळीओळीत लबाडी दिसू लागली. कॅसेट लावावीशी वाटेना आणि लावल्याशिवाय करमेना. ज्याच्या खांद्यावर रडलो तो खांदाच भाड्याचा निघाला, तर माणसाने जायचं कुठे?

पुढे बशीर आमच्या वस्तीत एका लग्नाला आला. सुकरीने मुद्दाम त्याला माझ्याकडे आणलं. मी काही त्याला घरात घेतलं नाही. दाराबाहेरच्या ओट्यावर बसवलं, खजूर ठेवले, चहाचं विचारलं नाही.

"आपला काठ पाहिलायस का रे?" मी थेट विचारलं.

"नाही मावशी. जन्मलो तेव्हा तो पाण्याखाली गेला होता. आईने सांगितलं ते लिहिलं."

"बघ!" सुकरी हसला.

"आणि सूर्य? तो नदीत कसा बुडवलास?"

"आई पूर्व काठाची. तिला तो तसाच दिसायचा."

आमचं गाव दोन्ही काठांना पसरलेलं होतं. पण गाव म्हटलं की ज्याला त्याला आपलाच काठ आठवतो. मला तर पलीकडे कुणी कधी नेलंही नव्हतं. मी जपून विचारलं, "तुझ्या आईच्या घरासमोर, पलीकडे काय होतं?"

"पांढरी भिंत. तिच्यावर चिनी मातीच्या निळ्या बशा बसवलेल्या. दारात एक मुलगी बकऱ्या बांधायची."

बकऱ्या मीच बांधायचे. बशा माझ्या आजीने बसवलेल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही कविता माझ्या दारातून नदीकडे बघते. ती तर नदीपलीकडून माझ्या दाराकडे बघत होती.

"आई रोज संध्याकाळी शाल हलवून तिला हाक द्यायची," बशीर म्हणाला. "पण ती पोर म्हणे फार शिष्ट. एकदाही हात केला नाही तिने."

"अरे," मी म्हटलं, "आम्हाला वाटायचं, ती बाई कपडे झटकतेय."

आणि मला रडू आवरेना.